महापालिकेच्या शाळांतलं विज्ञान सुधारायचं तर सुरुवात कुठून?

प्रश्न एका महापालिकेच्या शिक्षण विभागात नुकत्याच रुजू झालेल्या अधिकाऱ्यांचा आहे. त्यांच्या शहरात महापालिकेच्या शाळांमध्ये सहावी ते आठवीचं विज्ञान फार कच्चं आहे. काही कंपन्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला ठेवलेल्या निधीतून, प्रयोगशाळा बांधून द्यायला तयार आहेत, एक संस्था टॅबलेट देते म्हणते, आणखी एक संस्था शिक्षकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊ इच्छिते. सगळं एकदम जमणार नाही. तर आधी काय करावं, आणि पाच वर्षांनी फरक पडला की नाही हे कशावरून ओळखावं?

मी बरीच वर्षं मुंबईत महापालिकेच्या शाळांतल्या विज्ञान शिक्षकांबरोबर काम करत आलो आहे, त्यामुळे उदाहरणं मुंबईची देतो. तुमच्या शहरात आकडे लहान असतील, पण अडचणींची जात तीच असणार.

आधी थेट उत्तर. प्रयोगशाळेची घाई करू नका. पहिली दोन वर्षं पैसा आणि माणसं एकाच कामाला लावा: सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला वर्षभर, त्याच्या वर्गात येऊन साथ देणारी व्यवस्था उभी करणं. साहित्य, प्रश्नपत्रिका, सहली हे सगळं त्या व्यवस्थेच्या मागोमाग आलं तर टिकतं. आधी आलं तर कपाटात जातं.

कपाटात जातं हे मी शब्दशः म्हणतोय. तुमच्या कुठल्याही चार जुन्या शाळांत जा आणि विज्ञानाचं कपाट उघडायला सांगा. बहुतेक ठिकाणी आधी किल्ली शोधावी लागेल. आत मानवी डोळ्याची प्रतिकृती असेल, प्लॅस्टिकच्या आवरणातला सांगाडा असेल, सूक्ष्मदर्शक असेल, खोक्यातून न काढलेली परीक्षानळ्यांची रांग असेल. हे साहित्य मुलांच्या हाती का पडत नाही, असं विचारलं की शिक्षकांच्या आळसाकडे बोट दाखवलं जातं. मला ते मान्य नाही. खरं कारण त्याच कपाटात ठेवलेल्या जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत आहे. प्रत्येक भिंग, प्रत्येक चंचुपात्र (बीकर) त्या वहीत कुणाच्या तरी नावावर चढलेलं असतं. फुटलं तर खुलासा द्यायचा, निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू वहीतून कमी करण्याचा प्रस्ताव पाठवायचा, तो मंजूर होईपर्यंत फुटके तुकडेसुद्धा जपून ठेवायचे. निवृत्तीच्या वेळी कपाटाचा हिशेब जुळला नाही तर कागदपत्रं अडकतात, ही भीती प्रत्येक शिक्षकाला असते. अशा वेळी शहाणा माणूस कपाटाला कुलूपच लावणार.

म्हणून अधिकारी या नात्याने तुम्ही करावं असं पहिलं काम बिनखर्चाचं आहे. एक परिपत्रक काढा: विज्ञानाच्या साहित्यापैकी ठरावीक किमतीखालच्या सगळ्या वस्तू उपभोग्य वस्तू समजल्या जातील, त्या जडसंग्रहात चढवायच्या नाहीत, आणि वर्षाअखेरीस मुख्याध्यापक आपल्या सहीने त्यांची मोडतोड निकाली काढतील. किमतीची मर्यादा लेखा विभागाशी बसून ठरवा आणि त्यांची सहमती परिपत्रकातच नमूद करा, नाहीतर लेखापरीक्षणाच्या वेळी शिक्षक पुन्हा एकटा पडेल. सोबत प्रत्येक शाळेच्या विज्ञान शिक्षकाच्या हाती सादिल खर्चातून, म्हणजे किरकोळ खर्चासाठीच्या तरतुदीतून, दर सत्राला थोडी रक्कम द्या. लिंबू, हळद, खाण्याचा सोडा, फुगे, मेणबत्त्या, सेल, यासाठी तीन दरपत्रकं मागवायला लावू नका. आज हा खर्च शिक्षक स्वतःच्या खिशातून करतात, आणि जे करत नाहीत त्यांना दोष देता येत नाही.

आता साहित्य म्हणजे नेमकं काय, याचं एक उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण निविदा काढताना इथेच घोटाळा होतो.

वीज या घटकात सगळ्यात उपयोगी प्रयोग सगळ्यात स्वस्त आहे. एक सेल, टॉर्चचा जुन्या पद्धतीचा तार असलेला बल्ब आणि वायरचा एक तुकडा. बल्ब होल्डर नाही, बॅटरीचा खोका नाही, बटण नाही. एवढ्यावर बल्ब लावून दाखवा, असं चार-चार मुलांच्या गटांना सांगायचं आणि गप्प उभं राहायचं. बहुतेक मुलं आधी वायरचं एक टोक सेलला आणि दुसरं बल्बच्या खालच्या टोकाला लावतात. बल्ब लागत नाही. मग वायर उलटी करून बघतात. मग कुणीतरी वायरने सेलची दोन्ही टोकं जोडतं आणि ‘सर, गरम झाली!’ असं ओरडतं. पंधरा-वीस मिनिटांनी एका गटात बल्बची पत्र्याची बाजू चुकून वायरला लागते आणि क्षणभर उजेड होतो. तो गट लगेच सांगत नाही, आधी पुन्हा पुन्हा करून बघतो. त्यानंतर विचारायचं: बल्बच्या आतल्या तारेची दोन टोकं कुठे गेली असतील? काढून दाखवा. एक टोक खालच्या टिकलीला आणि दुसरं बाजूच्या पत्र्याला, हे चित्र मुलं स्वतः काढतात तेव्हा ‘बंद परिपथ’ त्यांच्यासाठी पुस्तकातली व्याख्या राहत नाही. हाच प्रयोग मी शिक्षकांच्या वर्गातही घेतो. विज्ञानाची पदवी असलेली माणसंही खूप वेळ अडकतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्यांना शाळेत आणि कॉलेजात परिपथाची आकृती मिळाली होती, बल्ब हातात मिळाला नव्हता.

आता निविदेकडे या. पुरवठादार हल्ली तारेच्या बल्बऐवजी एलईडी देतात, कारण तो स्वस्त आणि न फुटणारा. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात, दीड व्होल्टच्या एका सेलवर तो लागतच नाही. शिवाय तो एकाच दिशेने चालतो, लांब पाय धन टोकालाच लागतो. संचात एक सेल आणि एक पांढरा एलईडी आला की चाळीस मुलांसमोर प्रयोग फसतो, आणि शिक्षक पुन्हा त्या वाटेला जात नाही. बल्बच्या आतलं चित्र काढण्याचा सगळा गाभाही हरवतो. त्यामुळे साहित्याची यादी खरेदी विभागाला करू देऊ नका. ती प्रयोग करून पाहिलेल्या शिक्षकांनी करावी, आणि नमुन्याचा संच त्यांनी वर्गात वापरून पाहिल्याशिवाय खरेदीचा आदेश निघू नये. मुंबईत असले सुटे भाग लॅमिंग्टन रोडला आणि लोहार चाळीत मिळतात. तुमच्या शहरातही असा एखादा बाजार असेलच, दोन शिक्षकांना एक दिवस कर्तव्यकाळ धरून तिथे पाठवा.

आणि संच प्रत्येक प्रयोगाचे दहा हवेत. शाळेला एकच भारी उपकरण मिळालं की ते टेबलावर ठेवून दाखवलं जातं आणि मागच्या बाकांवरच्या मुलांना पुढच्यांची डोकी दिसतात.

प्रशिक्षणाचं बोलू. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण त्याच्या जिवावर काही बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका. शिक्षक प्रशिक्षणात खूश असतात, प्रयोग करतात, फोटो काढतात. सोमवारी शाळेत गेल्यावर समोर पंचेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, पोर्टलवर भरायची माहिती आणि मतदारयादीचं काम असतं. पहिला प्रयोग वर्गात फसतो, आणि का फसला हे विचारायला जवळ कुणी नसतं. सगळी गळती इथे होते.

याचं उत्तर आपल्या देशात पन्नास वर्षांपूर्वी शोधून झालं आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सहावी ते आठवीच्या १६ सरकारी शाळांत प्रयोगावर आधारित विज्ञान सुरू केलं. १९७८ मध्ये ते सगळ्या जिल्ह्यात गेलं, पुढे एकलव्य संस्थेने ते चालवलं. त्यात मुलांसाठी साहित्याची पेटी होती आणि शिक्षकांसाठी उन्हाळ्यात लांबलचक प्रशिक्षण. पण माझ्या मते त्याचा कणा होता मासिक बैठक आणि शाळाभेट. दर महिन्याला जवळपासचे शिक्षक एकत्र बसून महिन्याभरात शिकवलेले धडे तपासत, फसलेले प्रयोग पुन्हा करत, येणाऱ्या महिन्याचे प्रयोग आधी स्वतः करून बघत. आणि एखादा अनुभवी शिक्षक दुसऱ्याच्या वर्गात जाऊन मदत करी. परीक्षेत पुस्तक उघडायला परवानगी होती आणि प्रयोगालाही गुण होते. २००२ मध्ये राज्य शासनाने आदेश काढून हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम एका निर्णयाने थांबलं, हे अधिकारी म्हणून तुम्ही खास लक्षात ठेवा. त्याकडे शेवटी येतो.

मुंबईलाही याचा वारसा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं तेव्हा ते नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत होतं. मानखुर्दचं देखणं आवार नंतरचं. तिथे वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला महापालिकेच्या शाळांतल्या वंचित घरांतल्या मुलांबरोबर काम केलं. मुलांत बुद्धीची कमतरता नाही, पाठ्यपुस्तकाची भाषा आणि घरी अभ्यासाला नसलेली सोय त्यांना मागे खेचते, हे त्यांनी दाखवून दिलं आणि मार्गदर्शन मिळाल्यावर तीच मुलं शालान्त परीक्षेत वर आली. ‘आमच्याकडची मुलंच तशी आहेत’ हे वाक्य तुम्हाला पहिल्याच बैठकीत ऐकू येईल. तेव्हा हे काम समोर ठेवा.

तर साथ देणारी माणसं कोण? विभाग निरीक्षकांवर हे टाकू नका. त्यांच्याकडे आधीच शाळांची माहिती गोळा करण्याचं ओझं आहे, शिवाय ते वर्गात आले की शेरेबुक उघडतं. ज्या माणसाच्या हाती शेरा आहे त्याच्यासमोर कुणी आपला फसलेला प्रयोग सांगत नाही. साधारण पंधरा शाळांमागे एक, असे चांगले शिकवणारे विज्ञान शिक्षक त्यांच्यातूनच निवडा आणि आठवड्यातले दोन दिवस त्यांना मोकळं करा. त्या दोन दिवसांत त्यांनी दुसऱ्यांच्या वर्गात जायचं. निरीक्षण करायचं नाही. हातभार लावायचा. निम्मा वर्ग सांभाळायचा, विसरलेलं साहित्य पिशवीतून काढून द्यायचं, तास झाल्यावर चहा घेताना दोन गोष्टी बोलायच्या. त्यांनी कुठलाही अहवाल लेखी वर पाठवायचा नाही, हे परिपत्रकात लिहा. महिन्यातून एकदा त्या पंधरा शाळांच्या शिक्षकांची बैठक घ्या, शाळेच्या वेळेत, प्रत्येक वेळी वेगळ्या शाळेत, आणि त्या बैठकीत प्रशासनाची एकही सूचना वाचायची नाही.

मग त्या दोन दिवसांत त्यांच्या स्वतःच्या वर्गाचं काय? तिथे तासिका तत्त्वावर विज्ञान पदवीधर नेमा, आणि त्याचा खर्च सीएसआरमधून मागा. कंपन्यांना इमारतीवर पाटी हवी असते, मानधनाला पैसे द्यायला त्या नाखूश असतात, हे मला माहीत आहे. पण प्रयोगशाळा बांधायला आलेल्या माणसाला एकदा चालू वर्गात बसवा, मग आकडा सांगा. मी हे करून कंपन्यांचं मन वळताना पाहिलं आहे. तुमच्या जागी असतो तर सीएसआरच्या पैशाचा याहून चांगला उपयोग मी सुचवला नसता.

त्याआधी एक तपासणी करून घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि विज्ञान व गणितासाठी किमान एक वेगळा शिक्षक हवा. कागदावर तो असतो. प्रत्यक्षात तो भाषेचा पदवीधर असू शकतो, किंवा विज्ञानाची पदवी असलेल्या बाई पाचवीच्या वर्गशिक्षिका असतात आणि विज्ञान दुसरंच कुणी शिकवत असतं. कुठल्या शाळेत कोण काय शिकलंय आणि काय शिकवतंय याची यादी एका आठवड्यात निघते. काही ठिकाणी नुसती अदलाबदल पुरते.

वेळापत्रकातही एक छोटा बदल करा. मुंबईत एका इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा दोन-तीन माध्यमांच्या शाळा आणि सकाळ-दुपार अधिवेशनं असतात. एक अधिवेशन सुटताना दुसरं दारात उभं असतं. पस्तीस मिनिटांत साहित्य वाटायचं, प्रयोग करायचा, चर्चा करायची आणि आवरायचं, हे कुणालाच जमत नाही. आठवड्यातून एकदा विज्ञानाची जोडतासिका द्या आणि ती मधल्या सुट्टीला लागून ठेवा. आवरायला दहा मिनिटं मिळतात आणि ज्यांचा प्रयोग अर्धा राहिला ती मुलं सुट्टीत तो पूर्ण करतात. खिचडी खाऊन पळत परत येणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते, आणि मराठी शाळांत पालकांच्या आग्रहाने सेमी इंग्रजीचे वर्ग वाढले आहेत, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. पालकांची इच्छा मी कमी लेखत नाही. इंग्रजी त्यांच्या मुलांना कुठे नेऊ शकतं हे त्यांना आपल्याइतकंच कळतं. पण ज्या वर्गात शिक्षकालाच इंग्रजीत सलग चार वाक्यं बोलायला अवघड जातं, तिथे विज्ञानाचा तास म्हणजे फळ्यावरून उत्तरं उतरवून घेणं होतं. सेमी इंग्रजी बंद करा असं मी म्हणणार नाही. पुस्तक इंग्रजी असू द्या, संज्ञा इंग्रजीत शिकवा, पण प्रयोगावरची चर्चा, अंदाज, वाद, निरीक्षणाची नोंद मुलांना ज्या भाषेत येते त्या भाषेत होऊ द्या आणि तशा उत्तराला पूर्ण गुण द्या. हे स्पष्ट लिहून दिलं नाही तर शिक्षक घाबरून तसं करत नाहीत. गोवंडी-मानखुर्दच्या वर्गात मुलांची बोली पुस्तकातल्या मराठीपासूनही लांब असते. तिथे ‘तुला काय दिसलं ते तुझ्या शब्दांत सांग’ एवढं म्हटलं की तास बोलका होतो.

आता प्रश्नपत्रिका. शिक्षक जे विचारलं जातं ते शिकवतो, यात गैर काहीच नाही. बालभारतीच्या पुस्तकांत ‘करून पहा’च्या चौकटी जागोजागी आहेत, पण संकलित मूल्यमापनात, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेत, व्याख्या आणि ‘कारणे द्या’ विचारले तर त्या चौकटी मोठ्याने वाचून घेतल्या जातील आणि पेन्सिलने अधोरेखित होतील, एवढंच. पहिल्या वर्षी फक्त एक तृतीयांश गुणांचे प्रश्न बदला. उदाहरणार्थ: स्टीलच्या पेल्यात बर्फ ठेवला. थोड्या वेळाने पेल्याला बाहेरून पाणी आलेलं दिसलं. एक मुलगी म्हणते, आतलं पाणी झिरपलं. दुसरी म्हणते, हवेतून आलं. कोण बरोबर हे ठरवायला तुम्ही काय कराल? इथे कुणी लिहील की आतल्या पाण्यात शाई टाकू आणि बाहेरचं पाणी रंगीत आहे का बघू. कुणी लिहील की आधी आणि नंतर वजन करू, आतलं पाणीच बाहेर आलं असेल तर वजन वाढणार नाही. कुणी लिहील की बर्फाशिवाय तेवढंच साधं पाणी भरलेला पेला शेजारी ठेवू. तिन्ही उत्तरांना पूर्ण गुण. ‘संघनन’ हा शब्द आला नाही म्हणून एकही गुण कापायचा नाही. असे प्रश्न काढायला सवय लागते, म्हणून मासिक बैठकीत दर वेळी शिक्षकांकडूनच दोन-दोन प्रश्न काढून घ्या. वर्षभरात प्रश्नांचा चांगला साठा तयार होतो. दहावीच्या बोर्डाचं काय, असं मुख्याध्यापक विचारतील. आठवीपर्यंतचं मूल्यमापन तुमच्या हातात आहे, आणि ज्या मुलाला परिपथ कळला आहे त्याला दहावीतले विद्युतधारेचे परिणाम पाठ करावे लागत नाहीत.

महापालिकेच्या शाळांकडे एक गोष्ट अशी आहे जी शहरातल्या सगळ्यात महागड्या खाजगी शाळेलाही विकत घेता येणार नाही. त्या शहरभर पसरलेल्या आहेत. प्रत्येक प्रभागात, डोंगराच्या उतारावर, खाडीच्या काठी, डम्पिंग ग्राउंडच्या शेजारी. विज्ञानासाठी ही फार मोठी दौलत आहे, आणि ती वापरली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पावसाचंच घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच वेळी कुलाब्याला ७३. एकाच शहरात इतका फरक! आपल्या शाळेत त्या दिवशी किती पडला असेल, हा प्रश्न सातवीच्या मुलांना विचारून बघा. मग प्लॅस्टिकच्या दोन लिटरच्या बाटलीचं पर्जन्यमापक करा. बाटलीचा खांद्यावरचा भाग कापून उलटा बसवायचा म्हणजे नरसाळं होतं. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, तिथे खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरायचं, ती शून्याची रेघ. बाजूला मिलिमीटरची पट्टी. सरळ भाग साधारण पंधरा सेंटिमीटरचा असतो, म्हणजे दीडशे मिलिमीटरपर्यंत मोजता येतं. जोराच्या पावसात मधेच एकदा वाचन घेऊन बाटली शून्याच्या रेघेपर्यंत रिकामी करावी लागते. वेधशाळा सकाळी साडेआठला नोंद घेते, आपणही तेव्हाच घ्यायची.

खरी मजा पुढे आहे. एखादी मुलगी हमखास विचारते, बाई, मोठ्या तोंडाची बाटली ठेवली तर जास्त पाऊस येईल ना? इथे उत्तर देऊ नका. रुंद डबा आणि अरुंद बरणी, दोन्ही सरळ बाजूंची, शेजारी ठेवून दोन दिवस मोजू द्या. पाणी डब्यात जास्त भरतं, उंची दोन्हीत जवळपास तेवढीच निघते. पाऊस लिटरमध्ये न मोजता मिलिमीटरमध्ये का मोजतात, हे मोठ्या माणसांनाही नीट सांगता येत नाही. या मुलांना सांगता येतं. अशा पन्नास शाळांची वाचनं रोज एका तक्त्यात आली की शहराचा पावसाचा नकाशा मुलं स्वतः रंगवतात. कुठल्या शाळेचा आकडा फारच वेगळा आला, बाटली झाडाखाली होती का, कुणी वाचन उशिरा घेतलं का, यावरचे वाद ऐकण्यासारखे असतात. मोजमापातली चूक आणि निसर्गातला फरक वेगळा कसा काढायचा, हे याहून चांगलं कुठे शिकायला मिळणार?

यासाठी लागतं काय? बाटल्या, आणि गच्चीची किल्ली. गच्चीवर मुलं नेण्याची लेखी परवानगी, सोबत कोण असेल, कठडा किती उंच आहे, हे आधी ठरवून द्या, कारण किल्ली न मिळाल्याने हा उपक्रम पहिल्याच आठवड्यात बंद पडू शकतो. गच्ची सुरक्षित नसेल तर मैदानाच्या मधोमध ठेवा. आणि रेड अलर्टला शाळा बंद असते, त्या दिवसाची नोंद कोरी राहू द्या. अंदाजाने भरायची नाही. हेही विज्ञानच आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. टॅबलेट ज्या शिक्षकांना हवेत त्यांना द्या, सगळ्या शाळांना नको. अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः यंत्रं जोडून बघायच्या शाळेतल्या कार्यशाळेसाठी, २०१६ पासून केंद्राकडून २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि त्या चांगल्या चालल्याची उदाहरणं आहेत, पण जिथे विज्ञानाचा साधा तास चालत नाही तिथे थ्री-डी प्रिंटर धूळ खातो. ती दुसरी पायरी ठेवा. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र किंवा तारांगण यांसारख्या सहली जरूर काढा, मात्र एका दिवसात दोन ठिकाणं नकोत आणि मुलांनी आदल्या दिवशी लिहिलेले प्रश्न घेऊन जावं. मुंबईत मी त्याऐवजी भांडुपचा जलशुद्धीकरण प्रकल्प किंवा शिवडीची खाडी सुचवतो, कारण नळाला पाणी किती वाजता येतं आणि कधी गढूळ येतं याची माहिती या मुलांना आपल्यापेक्षा जास्त असते, तिथे ती अधिकाऱ्यांना खरे प्रश्न विचारतात. आणि पुनरुत्पादनाचा धडा. तो बहुतेक ठिकाणी ‘घरी वाचून या’ म्हणून सोडला जातो. त्यासाठी मासिक बैठकीत वेगळा वेळ ठेवा, हवं तर महापालिकेच्याच दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंना बोलवा. वस्तीतल्या मुलींना ती माहिती शाळेत मिळाली नाही तर कुठे मिळणार?

पाच वर्षांनी काय बघाल? परीक्षेच्या टक्केवारीवर विसंबू नका, ती वरून दट्ट्या आला की आपोआप वाढते. मी तीन कागद मागवतो. सादिल खर्चाच्या पावत्या: त्याच शाळेने सेल आणि बल्ब पुन्हा विकत घेतले का. मोडतोडीची यादी: काहीच फुटलं नसेल तर काहीच वापरलं गेलेलं नाही. आणि वह्या. कुठल्याही वर्गातल्या दहा वह्या काढा आणि एकाच प्रयोगाच्या आकृत्या शेजारी ठेवा. दहाही आकृत्या सारख्या, त्याच बाजूला त्याच खुणा, म्हणजे फळ्यावरून उतरवलेल्या आहेत. एकीत बल्ब वाकडा, एकीत वायर भलतीकडे आणि खोडून पुन्हा काढलेली, एकीत निरीक्षण पुस्तकाशी न जुळणारं, तर त्या वर्गात प्रयोग झाला आहे. हे बघायला अर्धा तास पुरतो, आणि त्यासाठी कुठल्याही संस्थेला मूल्यमापनाचं कंत्राट द्यावं लागत नाही. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये काही शाळांच्या वह्यांचे फोटो काढून ठेवा आणि दर वर्षी त्याच शाळांत, त्याच महिन्यात पुन्हा बघा.

शेवटचं, होशंगाबादवरून. तुमची बदली दोन-तीन वर्षांत होईल. ज्या शिक्षकांना तुम्ही तयार कराल त्यांच्याही बदल्या होतील, त्यांना दुसऱ्या माध्यमाच्या, दुसऱ्या इयत्तेच्या वर्गावर टाकलं जाईल. म्हणून जोडतासिका, उपभोग्य साहित्याची व्याख्या, मोकळे केलेले दोन दिवस आणि मासिक बैठक हे तोंडी सूचनांवर ठेवू नका. चारही गोष्टी शिक्षण समितीसमोर नेऊन ठराव करून घ्या, अंदाजपत्रकात त्यांचं वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातं उघडा, आणि विज्ञानासाठी तयार झालेला शिक्षक किमान तीन वर्षं सहावी ते आठवीचं विज्ञानच शिकवेल अशी अट बदलीच्या धोरणात घाला. समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख आजच काढून घ्या. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत हे मंजूर व्हायला हवं, नाहीतर पहिलं वर्ष कागदपत्रांतच जाईल.